आशेचं पान वेगळं, अंदाजाचं पान वेगळं

पत्र: सिएटलजवळ राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. मुलगा चौदा वर्षांचा, मॅरिनर्स या बेसबॉल संघावर जीव टाकणारा. गेल्या ऑक्टोबरात संघ टोरोंटोत उपांत्य मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात हरला, त्या रात्री तो जेवला नाही आणि दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. नोव्हेंबरपासून मात्र त्याने एक वही केली आहे. पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलंय: ‘१०० विजय नक्की. कॅल ६५ होम रन. या वर्षी वर्ल्ड सिरीज आपलीच.’ (कॅल राले हा संघाचा कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा; होम रन म्हणजे थेट कुंपणापार गेलेला फटका; वर्ल्ड सिरीज म्हणजे हंगामाची अंतिम मालिका.) शाळा सुटली की फोन हातात, कोण येणार आणि कोण जाणार याच्या बातम्या झोपेपर्यंत चालू. वर्गातल्या चौघांशी ६० डॉलरची पैज लावली आहे, आणि २० सामन्यांची तिकिटं आत्ताच घ्या म्हणून मागे लागला आहे. वडील म्हणतात, आताच याच्या आशेला लगाम घाल, नाहीतर पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा तेच. पुण्याचे आजोबा व्हिडिओ कॉलवर विचारतात, ‘खेळच बंद आहे तर हा बघतो काय?’ आई क्रिकेट बघत मोठी झाली, बेसबॉल मुलामुळे शिकली. तिचा प्रश्न: याला थांबवू का, आणि थांबवायचं तर कसं?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात एक विचार फिरून फिरून येतो: अपेक्षा कमी ठेवली तर दुःख कमी होईल. आधी त्याबद्दलच बोलू, कारण मला तो पटत नाही.

२० ऑक्टोबर २०२५ ची ती, नऊपैकी सातवी, इनिंग आठवा. मॅरिनर्स ३-१ ने पुढे. एक खेळाडू बाद, टोरोंटोचे दोघे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. त्यांच्या जॉर्ज स्प्रिंगरने मॅरिनर्सच्या बझार्डोचा चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला आणि ४-३ झालं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. तो चेंडू उडाला तेव्हा वर्ल्ड सिरीज फक्त आठ बळींवर होती. १९७७ पासून खेळणारा हा संघ तिथे एकदाही पोचलेला नाही. आजच्या ३० संघांत असा हा एकटाच. त्या रात्री ज्यांच्या पोटात खड्डा पडला, त्यांनी मार्चमध्ये १०० विजय म्हटलं होतं की ८०, याने काहीच फरक पडला नाही. तुम्ही क्रिकेटच्या, म्हणून विचारते: १९ नोव्हेंबर २०२३ ला सलग दहा सामने जिंकून आलेला भारत अहमदाबादला हरला, तेव्हा ‘उपांत्य फेरी गाठली तरी पुष्कळ’ असं महिनाभर आधी म्हणून ठेवलं असतं, तर ती संध्याकाळ तुम्हाला हलकी गेली असती का?

नसती गेली. दुःख प्रेमापोटी येतं, आणि ते प्रेम कमी करा असं तुम्हालाही म्हणायचं नसावं. त्यामुळे लगाम आशेला नको.

पण त्याच्या वहीतला एक शब्द मला खटकतो, तो म्हणजे ‘नक्की’. ‘१०० विजय व्हावेत’ ही आशा आहे. ‘१०० विजय होतील’ हा अंदाज आहे. ‘१०० विजय नक्की’ ही दोन्हींची खिचडी, आणि त्रास तिथून सुरू होतो. पहिला पराभव झाला की त्याला फसवल्यासारखं वाटतं, कारण त्याच्या लेखी तो सौदा आधीच ठरलेला होता. वही काढून घेऊ नका. तिच्यात दोन पानं समोरासमोर करायला सांगा. डावीकडे आशा, तिथे वाटेल ते लिहावं, ६५ काय ७० होम रन लिहावेत, तिथे कुणी लाल रेघ मारायची नाही. उजवीकडे अंदाज, आणि त्या पानाला नियम. ते नियम कुठले, हे पुढे सांगते. हेच इतर पालकांनाही, आणि मोठ्या वयाच्या चाहत्यांनाही, जसंच्या तसं वापरता येईल.

आधी आजोबांचा प्रश्न, कारण तो रास्त आहे. खेळ बंद असतो तेव्हा बघायचं काय? आयपीएलचा लिलाव दोन दिवसांत आटोपतो. बेसबॉलमध्ये तोच व्यवहार साडेतीन महिने चालतो, लिलावाशिवाय, आणि संघाच्या एकूण खर्चावर पक्की मर्यादाही नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलं की कर भरावा लागतो, एवढंच. वर्ल्ड सिरीज संपल्याच्या दुसऱ्या दिवशी करार संपलेले खेळाडू फ्री एजंट होतात आणि पाच दिवसांनी कुणाशीही करार करू शकतात. नोव्हेंबरच्या मध्यावर संघाला ४० जणांची यादी पक्की करावी लागते; यादीबाहेर राहिलेला पात्र तरुण खेळाडू डिसेंबरच्या एका ड्राफ्टमध्ये (खेळाडू-निवडीत) दुसरा संघ एक लाख डॉलर भरून उचलू शकतो, मात्र त्याला पुढचा पूर्ण हंगाम मुख्य २६ जणांच्या संघात ठेवावं लागतं. डिसेंबरच्या सुरुवातीला सगळ्या संघांचे अधिकारी एका हॉटेलात जमतात, तेव्हा बातम्यांचा पाऊस. नाताळात शांतता. जानेवारीत तीन ते सहा वर्षं खेळलेल्यांचे पगार ठरतात. फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर (गोलंदाज) आणि कॅचर सरावाला हजर होतात, मॅरिनर्सचे ॲरिझोनातल्या पिओरिया गावी. हे वेळापत्रक मुलाच्या टेबलासमोर चिकटवा. निम्मी बेचैनी ‘आत्ता या क्षणी काहीतरी घडत असेल’ या भावनेची असते. कधी काही घडत नाही हे कळलं की फोन आपोआप बाजूला पडतो.

आता अंदाजाच्या पानाकडे. पहिला नियम: आवक लिहायची तर जावकही लिहायची. चाहते हिवाळ्यात फक्त कोण आलं ते मोजतात. जॉश नेलरने पाच वर्षांचा नवा करार केला याचा आनंद योग्यच आहे, पण तो गेल्या हंगामाच्या शेवटी आपल्याकडेच होता. ही भर नाही, टिकवलेली पुंजी आहे. दुसरीकडे २६ होम रन मारणारा पोलांको मेट्सकडे गेला, आणि जुलैअखेर आलेला सुआरेझ हंगाम संपताच फ्री एजंट झाला. ही वजाबाकी त्या पानावर नसेल तर बेरीज खोटी.

दुसरा नियम: एका मोठ्या नावाने संघ उभा राहत नाही आणि एक नाव गेल्याने पडत नाही. याचं सर्वांत लखलखीत उदाहरण त्याच्याच संघाचं आहे, त्याच्या जन्माआधीचं. १९९८ च्या जुलैत रँडी जॉन्सन गेला, २००० च्या फेब्रुवारीत केन ग्रिफी गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ॲलेक्स रॉड्रिगेझने टेक्सासशी दहा वर्षांचा, २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. सिएटलमध्ये तो हिवाळा कसा गेला असेल याचा विचार करा. मग २००१ उजाडलं. रॉड्रिगेझने टेक्साससाठी ५२ होम रन मारले, म्हणजे त्याच्याबद्दलचा अंदाज चुकला नव्हता. पण टेक्सास ७३ सामने जिंकून गटात शेवटचा राहिला. आणि मॅरिनर्सनी ११६ सामने जिंकले, १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाची बरोबरी. जपानहून आलेला इचिरो त्या वर्षी सर्वोत्तम नवोदितही ठरला आणि सर्वोत्तम खेळाडूही. एका वर्षाच्या स्वस्तातल्या करारावर आलेल्या ब्रेट बूनने १४१ रन आणले. डिसेंबरात हे कुणाच्या वहीत असणं शक्य होतं? आणि एवढं करूनही तो संघ वर्ल्ड सिरीजच्या एक पायरी अलीकडे यँकीजकडून हरला, हेही त्याला सांगा. अलीकडचं हवं असेल तर मेट्स आहेत: डिसेंबर २०२४ मध्ये वान सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर देऊन घेतलं, आणि २०२५ मध्ये ८३ विजयांवर प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, बाहेर राहिले.

तिसरा नियम आकड्याचा. संघाच्या विजयांचा अंदाज एका संख्येत लिहायचा नाही, पट्ट्यात लिहायचा. कारण सरळ आहे. अगदी बरोबरीच्या ताकदीचा संघ हंगामाचे १६२ सामने खेळला तरी निव्वळ योगायोगाने सहा-साडेसहा विजय इकडे किंवा तिकडे होतात. म्हणजे तुमचा हिशेब बिनचूक असला आणि ९० असं उत्तर आलं, तरी खरा आकडा ८४ ते ९६ मध्ये पडण्याची शक्यता तीनात दोन. उरलेल्या एका वेळी त्याच्याही बाहेर. मॅरिनर्स २०२३ ला आणि २०२४ ला प्रत्येकी एका सामन्याने प्लेऑफ हुकले; हा पट्टा किती निर्दय असतो हे त्याला वेगळं समजवावं लागणार नाही.

आणि ९० हा आकडा काढायचा कसा? गेल्या वर्षीचे विजय उतरवून त्यात मनाने पाच मिळवायचे नाहीत. संघाने केलेल्या रनांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांची बेरीज, गुणिले १६२. २०२१ चे मॅरिनर्स घ्या: ६९७ रन केले, ७४८ दिले. हिशेब सांगतो ७५ विजय. प्रत्यक्षात मिळाले ९०. चुरशीचे सामने सतत आपल्या बाजूने झुकले होते. असं दरवर्षी होत नाही, म्हणून पुढच्या वर्षासाठी ९० ऐवजी ७५ पासून मोजायला सुरुवात करायची आणि नव्या खेळाडूंची भर घालायची. ढोबळ माप असं की दहा रन म्हणजे एक विजय. एखादा नवा फलंदाज जुन्यापेक्षा हंगामात २० रन जास्त आणणार असेल, तर भर दोन विजयांची, दहाची नाही. २०२२ ला त्या संघाने पुन्हा ९०च जिंकले, पण या वेळी दिलेल्या रनांपेक्षा केलेले रन जास्त होते: हुलिओ रॉड्रिगेझ आला होता, मध्येच लुईस कास्टियो आला. आकडा तोच असला तरी संघ तो नव्हता.

आता कॅल रालेच्या ६५ होम रनांबद्दल, कारण इथे तुमच्या मुलाला सर्वांत जास्त शिकायला मिळेल. पेन्सिल घेऊन त्याच्या शेजारी बसा. टॉम टँगो या विश्लेषकाची एक जुनी, साधी रीत आहे, तिला त्याने मार्सेल नाव दिलं. ती घरी करता येते.

गेल्या तीन वर्षांचे होम रन घ्या: ६०, ३४, ३०. ताज्या वर्षाला ५ ने गुणा, त्याआधीच्याला ४ ने, त्याआधीच्याला ३ ने. ३०० अधिक १३६ अधिक ९०, म्हणजे ५२६. तो त्या वर्षांत फलंदाजीला किती वेळा उभा राहिला त्यालाही तसंच गुणा. ढोबळ ७०५, ६३० आणि ५७० धरले तर ७,७५५. आता गंमत इथे आहे. या दोन्ही आकड्यांत एका सर्वसामान्य खेळाडूची भर घालायची: फलंदाजीच्या १,२०० खेपा आणि त्यातले तीन टक्के, म्हणजे ३६ होम रन. झाले ५६२ भागिले ८,९५५, म्हणजे खेपेमागे ६.३ टक्के. पुढच्या वर्षी तो किती वेळा फलंदाजीला येईल? ताज्या वर्षाच्या निम्मे, त्याआधीच्याचा दहावा भाग, आणि वर २००: साधारण ६१५. उत्तर ३९. वयाची दुरुस्ती २९ च्या अलीकडे थोडी वर आणि पलीकडे थोडी खाली असते. २०२६ च्या हंगामात कॅल नेमका २९ चा, म्हणून तिथे शून्य.

एकोणचाळीस! मुलगा चिडेल. चिडू द्या, मग विचारा की त्यात १,२०० खेपांचा तो ‘सर्वसामान्य खेळाडू’ कशाला मिसळला. कारण ज्या वर्षी कुणी ६० मारतो, त्या वर्षी त्याचं कसब असतंच, पण शरीरही साथ देतं, वाराही साथ देतो, आणि कुंपणाशी अडू शकणारे चेंडूही थोडक्यात पार होतात. कॅलने गेल्या वर्षी कॅचरचा ४८ चा आणि दोन्ही हातांनी खेळणाऱ्यांचा मिकी मँटलचा ५४ चा असे दोन्ही विक्रम मागे टाकले. विक्रम म्हणजेच, व्याख्येनेच, आधी कधी न घडलेलं. ३९ होम रन मारणारा कॅचर हा वाईट अंदाज नाही, बेसबॉलच्या इतिहासात तसे फार थोडे कॅचर झाले. हे त्याला कळलं की जूनमध्ये कॅल १८ वर असेल तेव्हा त्याच्या मनात ‘संपला हा’ येणार नाही. ६५ डाव्या पानावर खुशाल राहू दे.

काही ठिकाणी मात्र या रितीलाही हाताने दुरुस्ती लागते. बाहेरून येणाऱ्या फलंदाजाचे आकडे सिएटलला जसेच्या तसे लागू होत नाहीत. समुद्रकाठची थंड, जड हवा चेंडू अडवते आणि या मैदानावर रन कमी होतात. टेओस्कर हर्नांडेझ २०२३ ला इथे आला, घरच्या मैदानावर त्याची बॅट फारशी चालली नाही, एकूण २६ होम रन. पुढच्याच वर्षी डॉजर्सकडून ३३. तरुण खेळाडूंबाबत तर अंदाजाचा पट्टा दुप्पट रुंद ठेवा. २०२१ ला जॅरेड केलेनिकवर सगळ्या शहराची भिस्त होती, त्याची फलंदाजीची सरासरी .१८१ आली, म्हणजे अगदीच वाईट. पुढच्या वर्षी हुलिओने २८ होम रन मारले आणि नवोदितांचा मान मिळवला. दोघांबद्दल आधीच्या हिवाळ्यात लिहिलं गेलेलं शेजारी ठेवलं तर कुठला कोण ते ओळखता येणार नाही. आणि पिचर: त्यांच्या बाबतीत ‘किती चांगला’ यापेक्षा ‘किती वेळा’ हा प्रश्न मोठा. २०२४ ला मॅरिनर्सच्या पाच प्रमुख पिचरपैकी चौघे जवळपास सगळा हंगाम उभे राहिले, म्हणून २०२५ च्या हिवाळ्यात सगळ्यांनी तेच पुन्हा गृहीत धरलं. मग कर्बीचा खांदा, गिल्बर्टचा हात, मिलरचं कोपर. म्हणून अंदाजात पाच नावं लिहून थांबू नका, सहावा आणि सातवा कोण तेही लिहा. सहाव्या-सातव्याला २५ ते ३० सामने सुरू करावे लागले तर आश्चर्य मानू नका.

वर्ल्ड सिरीजचं काय? इथे मन घट्ट करून गणित करू. समजा आपला संघ इतका भारी आहे की प्लेऑफमधल्या कुठल्याही संघाला प्रत्येक सामन्यात ५५ टक्के हरवेल. हे फार झालं, पण धरू. पाचपैकी तीन जिंकण्याची शक्यता ५९ टक्के, सातपैकी चार जिंकण्याची ६१. पहिली फेरी माफ झाली तरी पुढच्या तिन्ही फेऱ्या मिळून २२ टक्के. पहिली छोटी फेरीही खेळावी लागली तर १३. म्हणजे सर्वोत्तम संघाच्या चाहत्यालाही पाचपैकी चार ऑक्टोबर दुःखाचेच. तुमच्या यजमानांना हे दाखवा. मुलाने हरल्यावर रडणं ही अतिअपेक्षेची शिक्षा नाही, या खेळाची रचनाच तशी आहे.

आता अफवा. त्या बंद करता येणार नाहीत, पण त्यांची प्रतवारी शिकवता येते. सर्वांत खालची प्रत: ‘अमुक संघ लक्ष ठेवून आहे.’ लक्ष तर तीसही संघ ठेवतात, आणि अशी बातमी बहुधा खेळाडूचा भाव वाढावा म्हणून त्याच्या एजंटाकडून आलेली असते. त्याच्या वर: ‘बोलणी चालू.’ त्याच्या वर: ‘करार ठरला, वैद्यकीय तपासणी बाकी.’ आणि सर्वांत वर: संघाचं स्वतःचं निवेदन. तिसरी आणि चौथी सारखीच, असं सगळे धरतात, पण तसं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कार्लोस कोरेयाचा सॅन फ्रान्सिस्कोशी १३ वर्षांचा, ३५ कोटींचा करार ठरला होता. तपासणीत पायाच्या जुन्या शस्त्रक्रियेवरून अडलं. मग मेट्सशी १२ वर्षांचा ठरला, तिथेही तेच. जानेवारीत तो मिनेसोटाला परतला, सहा वर्षं, २० कोटी. त्याच डिसेंबर २०२२ मध्ये ॲरन जज सॅन फ्रान्सिस्कोला चालल्याची बातमी एका नामांकित पत्रकाराने दिली, घाईत नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलं होतं. जज यँकीजकडेच राहिला. आणि ८ डिसेंबर २०२३ ला ओहतानी टोरोंटोच्या विमानात बसल्याचं जगभर पसरलं. विमान उतरलं, त्यातून निघाला एक कॅनेडियन उद्योगपती. दुसऱ्या दिवशी ओहतानीने डॉजर्सचं नाव जाहीर केलं.

तर नियम असा: खालच्या दोन प्रतींची बातमी वहीत येणारच नाही. तिसरी पेन्सिलने. चौथी पेनाने. खातरजमेची एक सोपी खूणही त्याला शिकवा: ४० जणांची यादी भरलेली असेल तर नवा माणूस अधिकृतपणे आला की त्याच दिवशी कुणाला तरी यादीतून वगळावं लागतं. कोण वगळलं गेलं हे दिसत नसेल, तर काम अजून पुरं झालेलं नाही. फोनसाठी दिवसातून दोन वेळा पंधरा मिनिटं पुरतात, एक शाळा सुटल्यावर आणि एक जेवणानंतर. बहुतेक बातमीदार पूर्व किनाऱ्यावरचे, तुमच्या रात्री दहापर्यंत तिकडे एक वाजलेला असतो. त्यानंतर जागून हाती काही लागत नाही. हे ‘शिस्त’ म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा. चौदा वर्षांचा मुलगा माहिती ऐकतो.

अंदाजाच्या पानाला गुण देण्याची रीत अशी. वीस विधानं लिहायची, प्रत्येकाचं उत्तर हंगामाअखेर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं निघालं पाहिजे. ‘कर्बी भारी खेळेल’ चालणार नाही. ‘कर्बी १५० किंवा जास्त इनिंग टाकेल’ चालेल. प्रत्येकापुढे टक्के. ऑक्टोबरात हिशेब: ७० टक्के म्हटलं आणि तसं झालं, तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. झालं नाही, तर ०.७ चा वर्ग ०.४९. विसांची सरासरी काढायची. जितकी कमी तितकं चांगलं. सगळीकडे ५० टक्के लिहून मोकळा होणाऱ्याला ०.२५ मिळतात, म्हणजे त्याच्या खाली उतरलं तर खरं काही कळलं. आणि ‘नक्की’, म्हणजे १०० टक्के लिहून चुकलात तर पूर्ण एक गुण दंड. लाल पेनातला तो शब्द कुणी न रागावता स्वतःहून गळून पडेल.

मार्चमधल्या सराव सामन्यांचे आकडे बघून ही टक्केवारी हलवू देऊ नका. तिथे समोर कधी मुख्य पिचर असतो, कधी विशीतला पोरगा. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू लांब जातो. त्या महिन्यात दोनच गोष्टी बघण्यासारख्या: कोण जखमी आहे, आणि पिचरच्या चेंडूचा वेग गेल्या वर्षीपेक्षा ताशी दोन मैल किंवा जास्त उतरला आहे का. २०२६ च्या मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही देशोदेशींच्या संघांची स्पर्धाही आहे. २०२३ च्या त्या स्पर्धेत एडविन डियाझ विजयाच्या जल्लोषात गुडघा जायबंदी करून बसला आणि त्याचं पूर्ण वर्ष गेलं. म्हणून अंदाजाचं पान ती स्पर्धा संपेपर्यंत बंद करू नका.

पैजेबाबत मात्र मी मऊ बोलणार नाही. ६० डॉलर परत करा, चौघांचे चौघांना, आणि तुम्ही स्वतः त्या पालकांना फोन करून सांगा म्हणजे मुलाला मित्रांत मान खाली घालावी लागणार नाही. तुमच्या वॉशिंग्टन राज्यात मोठ्यांनाही खेळावरची पैज मूलनिवासी जमातींच्या कॅसिनोंच्या आवारातच लावता येते, घरबसल्या फोनवरून नाही. आणि गणितही दाखवा: प्रत्येकी ६० टक्के खात्रीच्या पाच गोष्टी एकत्र जुळण्याची शक्यता आठ टक्क्यांहूनही कमी. पैशांची जागा वहीतल्या गुणांनी घ्यावी. चौघे मित्र तीच वीस विधानं भरू देत, ज्याची सरासरी सर्वांत कमी त्याला बाकीच्यांनी एका सामन्याला न्यायचं.

तिकिटं. घरच्या ८१ सामन्यांतले २० म्हणजे चौथा हिस्सा, त्यातले बरेच शाळेच्या दिवशी रात्रीचे. न गेलेल्या सामन्याचं तिकीट विकता येतं, पण शुल्क कापून आणि समोरचा संघ साधा असेल तर पडत्या भावात. हिवाळ्यात आशा चढलेली असते तेव्हा मोठा खर्च ठरवू नये. एप्रिलमधला एक सामना आत्ताच घ्या, त्याच्या आनंदासाठी. जाडं जॅकेट न्या, कारण तिथलं छप्पर पाऊस अडवतं, बाजूने येणारा गारठा नाही. दोन-तीन जूनमध्ये घ्या. उरलेले पैसे ऑगस्ट-सप्टेंबरसाठी ठेवा. ह्यूस्टन, टेक्सास, एंजल्स आणि ॲथलेटिक्स या गटातल्या प्रत्येकाशी १३ सामने असतात, आणि चुरस असलीच तर ती तिथेच दिसते.

तुमच्या यजमानांना एकच विनंती. हरल्यावर ‘मी म्हणालो नव्हतो?’ हे वाक्य घरात येऊ देऊ नका, आणि ‘खेळच तर आहे’ हेही नको. २०२३ च्या त्या नोव्हेंबरात त्यांना कुणी असं म्हटलं असतं तर? शेजारी बसणं पुरतं. दोन दिवस न बोलणं चालेल. आठवडा झाला, झोप किंवा शाळा बिघडली, तर मात्र शाळेतल्या समुपदेशकाशी बोला.

हंगामाच्या आदल्या रात्री उजवं पान फाडून पाकिटात घाला, तारीख टाका, फ्रिजवर चिकटवा. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, तेव्हा उघडून फक्त वाचा, खोडाखोड नाही. नेलर आणि सुआरेझ गेल्या वर्षी जुलैतच आले होते, म्हणजे मार्चच्या कुठल्याही वहीत ते असणं शक्य नव्हतं. हिशेब ऑक्टोबरात. आणि पाकिटात तुमचंही एक पान असू द्या, आजोबांचंही, फोनवरून सांगितलेलं. त्यांना पहिलं विधान हे द्या: कॅल ४० किंवा जास्त होम रन मारेल का? किती टक्के?